२५० फोर स्ट्रोक डर्ट बाइक: थंड असताना टिकटिक, रेस सोडली की खळखळ. रॉड गेला असेल का?

दगडवाट:

नमस्कार मंडळी. गाडीच्या आवाजाने दोन दिवस डोक्याला घोर लागलाय म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका. गाडी २५० सीसी, फोर स्ट्रोक, सिंगल सिलिंडर, वॉटर कूल्ड, डबल कॅम (व्हॉल्व उघडणारे दोन दांडे). अवर मीटरवर १४२ तास झालेत. ऑइल दर १० तासांनी बदलतो, एअर फिल्टर प्रत्येक राइडनंतर धुतो, पिस्टन १०० तासांना नवीन टाकला होता पण तेव्हा क्रँकला (पिस्टनच्या जोराने फिरणारा खालचा दांडा) हात लावला नव्हता.

गेल्या आठवड्यात दगडांच्या चढावर पुढचं चाक उचललं आणि गाडी उजव्या अंगावर आडवी झाली. मी अर्धा खाली अडकलेलो, इंजिन काही बंद पडलं नाही, किल स्विचपर्यंत हात पोचेपर्यंत सात-आठ सेकंद ती तशीच आडवी चालू होती. बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरकडे जाणारा) एका जागी दगड लागून चपटा झालाय, बाकी वरवर काही मोडलेलं दिसत नाही. त्यानंतर तासभर चालवली, हेल्मेटमध्ये काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी धुवून स्टार्ट केली तेव्हा आवाज जाणवला.

थंड असताना बारीक कोरडी टिकटिक, रेस दिली की तिचा वेगही वाढतो. गरम झाली की ती कमी होते पण मग रेस सोडताना खळखळ ऐकू येते, म्हणजे सुट्टी नाणी डब्यात हलवावी तशी. कधी वाटतं आवाज एकच आहे, कधी वाटतं दोन आहेत. ज्यांना दाखवली त्यांनी दोन मिनिटं ऐकून सांगितलं की रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) गेला, इंजिन पूर्ण खोलावं लागेल. खोलायचं असेल तर खोलू, पण त्याआधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? आणि तोवर चालवू का नको?

फुलथ्रॉटल:

भाऊ एवढं टेन्शन नको घेऊ, डर्ट बाइकचं इंजिन थोडं वाजणारच. २०डब्ल्यू-५० टाकून बघ, माझ्या आधीच्या गाडीचा टॅपेटचा (व्हॉल्व दाबणाऱ्या भागाचा) आवाज त्यानेच गेला होता.

ग्रीसचेहात:

फुलथ्रॉटल दादा, राग मानू नका पण हे करू नका असंच सांगेन. जाड ऑइलने आवाज दबतो, झीज दबत नाही. उलट थंड इंजिनात ते कॅमपर्यंत पोचायला उशीर लागतो, नेमकं जिथे ऑइल लवकर हवं तिथेच. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच टाकायचा, आणि क्लच ऑइलमध्येच बुडालेला असेल तर डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघायचं, कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरायला लागतो आणि मग दोन रोग होतात.

दगडवाट, आधी एक गोष्ट. कारण कळेपर्यंत गाडी चालवू नकोस, तपासायला स्टार्ट करशील तेवढीच. टिकटिक असेल तर कदाचित काही बिघडणार नाही, पण खालून ठोका असेल तर एक-एक मिनिट महाग आहे.

आता आवाजाबद्दल. मला विचारशील तर निम्मं निदान तू वापरलेल्या शब्दातच असतं. बारीक, कोरडी, घड्याळासारखी टिकटिक बहुतेक वरून येते, म्हणजे टॅपेट, कॅम, ऑटो डीकॉम्प्रेसर (स्टार्ट करताना व्हॉल्व जरासा उघडा ठेवणारा भाग), नाहीतर बेंड पाइपच्या पॅकिंगमधून निसटणारा गॅस. खळखळ किंवा खुळखुळ म्हणजे काहीतरी सैल आहे आणि हलतंय, बहुतेक वेळा टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी), नाहीतर क्लचची बास्केट (क्लच प्लेटा ज्यात बसतात ते भांडं). ठकठक, म्हणजे बंद दारावर मुठीने मारल्यासारखा जड आवाज, तो खालचा, रॉडचा. घरघर किंवा गुरगुर, जी कानापेक्षा फूटपेगवर तळपायाला जास्त जाणवते, ती क्रँकच्या मेन बेअरिंगची. आणि चढावर वरच्या गियरमध्ये कमी आरपीएमला रेस दिल्यावर पत्र्यावर वाळू पडल्यासारखं तडतडतं ते डेटोनेशन, म्हणजे इंधन एकदम भडकणं, ते लोड असतानाच येतं, जागेवर उभ्या गाडीला सहसा ऐकू येत नाही. तू टिकटिक आणि खळखळ लिहिलंयस, ठकठक लिहिलं नाहीस. म्हणून मला रॉडची शंका थोडी कमी वाटते, पण तू व्हिडिओ टाकलास तरी त्यावरून मी काही सांगणार नाही, फोनचा माइक जड आवाज खातो आणि बारीक आवाज फुगवतो.

ह्या पाच गोष्टी करून सांग, एकालाही इंजिन खोलावं लागत नाही.

ऑइल लेव्हल बघ, सरळ उभी करून, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तशीच. हसू नकोस, पडल्यावर ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) ऑइल एअरबॉक्समध्ये जातं आणि लेव्हल उतरलेली असते.

बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक प्लेट) काढ आणि स्टार्ट कर. तिच्यात एखादा खडा अडकला किंवा ती फ्रेमला टेकली की सगळं इंजिन वाजतंय असं वाटतं.

न्यूट्रलला ठेवून क्लच दाब आणि सोड. दाबल्यावर आवाज गेला किंवा बदलला तर क्लच बास्केट किंवा गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, काहीच फरक नाही पडला तर क्लच बाजूला ठेव.

लांब स्क्रूड्रायव्हर घे, टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. हेड कव्हर, सिलिंडरची डावी बाजू, उजवी बाजू, मग क्रँककेस, असं एकेक ठिकाणी टेकवून ऐक. अ‍ॅल्युमिनियममधून आवाज सगळीकडे पळतो त्यामुळे एका जागी ऐकून ठरवायचं नाही, कुठे सगळ्यात धारदार येतो ते बघायचं. चेन आणि पुढच्या स्प्रॉकेटपासून बाही लांब ठेव, आणि बंद शेडमध्ये हे अजिबात करू नकोस, धुराचा वास येत नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही असं नसतं.

शेवटची गोष्ट जरा वेगळी आहे. फोन सायलेन्सरच्या मागे एक-दोन हात लांब ठेवून आयडलिंगचा आवाज रेकॉर्ड कर आणि एखाद्या अ‍ॅपमध्ये पाव वेगाने लाव. १८०० आरपीएमला क्रँक सेकंदाला ३० फेऱ्या मारतो, कॅम त्याच्या निम्म्या म्हणजे १५, आणि सायलेन्सरची फुसफुसही १५ वेळाच होते कारण फोर स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदाच जाळ होतो. कानाला १५ मोजता येत नाहीत पण पाव वेगाला ते सेकंदाला चारच्या आसपास येतात, मग आरामात मोजता येतं. एका फुसला एक टिक आली तर भानगड कॅमच्या बाजूची, दोन आल्या तर क्रँकच्या वेगाची. फक्त ह्याच्यावर रॉडला निर्दोष सोडू नकोस, लोड नसताना रॉडचा एकच ठोका ठळक आणि दुसरा दबका येऊ शकतो.

तिसरागियर:

वरच्या दादांनी चालवू नकोस म्हटलंय ते मनावर घे. माझी ४५० होती, बिग एंडचा (रॉडच्या खालच्या टोकाचा) ठोका सुरू झाला तेव्हा मी कॅम्पपासून वीस मिनिटांवर होतो आणि मला वाटलं हळूहळू जाऊ. आवाज आधी फक्त रेस दिल्यावर येत होता, ऑइल गरम होऊन पातळ झालं तसा आयडलिंगलाही यायला लागला, मग फूटपेगमध्ये जाणवायला लागला, आणि शेवटच्या उतारावर एकदाच मोठा धडाका झाला आणि मागचं चाक लॉक. खाली बघितलं तर क्रँककेसच्या पुढच्या बाजूला अंगठा जाईल एवढं भोक आणि त्यातून रॉडचा तुटका तुकडा दिसतोय, ऑइल बुटावर. पहिल्या ठोक्याला थांबलो असतो तर क्रँक आणि पिस्टनवर भागलं असतं, केस, सिलिंडर, बॅलन्सर सगळं गेलं.

म्हणून माझं म्हणणं, तुझं ऑइल आत्ताच काढ. बदलायची वेळ झाली नसली तरी काढ. स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळ, ड्रेन नटचं मॅग्नेट पुसायच्या आधी नीट बघ, फिल्टर कापून उलगड आणि उन्हात धरून वळव. मॅग्नेटवर राखाडी मऊ मेण असेल, बोटाने चोळलं तर पावडरसारखं, तर ते नेहमीचं. सुईसारखे किंवा चकतीसारखे तुकडे असतील, टोचणारे, तर ते स्टील, बेअरिंग किंवा गियरमधून आलेलं. चमकतंय पण मॅग्नेटला चिकटत नाही तर अ‍ॅल्युमिनियम, पिस्टन किंवा क्लच बास्केट. सोनेरी झाक असेल तर पितळ-ब्रॉन्झ, म्हणजे रॉडच्या वरच्या टोकाची बुश नाहीतर व्हॉल्व गाइड. ऑइल खोटं बोलत नाही.

दगडवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बसलो, जे बघितलं ते सांगतो.

ऑइल लेव्हल खालच्या खुणेच्या जरा वर, म्हणजे कमी पण संपलेलं नाही. एअरबॉक्सच्या तळाला ऑइलचा ओघळ होता, ग्रीसचेहात दादा म्हणाले तसाच. बॅश प्लेट काढली, काही फरक नाही. क्लच दाबला, काही फरक नाही. पाव वेगाने ऐकलं, एका फुसला एकच टिक, पाच-सहा वेळा मोजलं.

स्क्रूड्रायव्हरने मात्र अंगावर काटा आला, इतकं स्पष्ट ऐकू येईल असं वाटलं नव्हतं. क्रँककेसला सगळं एकसारखं गुरगुरतंय पण ठोका नाही. हेड कव्हरवर हलकी टिकटिक. सिलिंडरच्या डाव्या बाजूला, जिथे आतून टायमिंग चेन जाते तिथे, रेस सोडली की ती खळखळ एकदम कानात घुसते. उजव्या बाजूला तीच निम्मीसुद्धा नाही.

ऑइल फडक्यातून गाळलं. मॅग्नेटवर राखाडी मेणच आहे, काही टोचत नाही. सोनेरी काही नाही. पण फिल्टरच्या घड्यांमध्ये काळे-तपकिरी बारीक तुकडे मिळाले, सहा-सात, तांदळाच्या कणीपेक्षा लहान. मॅग्नेटला चिकटत नाहीत, नखाने दाबले तर तुटत नाहीत, वाकतात आणि परत सरळ होतात. हे काय असेल?

ग्रीसचेहात:

प्लास्टिक. टायमिंग चेनच्या गाइडचं. शाब्बास, फिल्टर नीट उलगडलास म्हणून सापडलं, नुसता काढून नवीन टाकला असता तर हे कधी कळलंच नसतं.

म्हणजे खळखळीचा माग लागला. चेन लांबली आहे नाहीतर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) पुढे सरकत नाहीये, आणि सैल चेन गाइडला फटके मारतेय. रेस सोडताना का ऐकू येतं, तर रेस देताना क्रँक चेनला सतत ओढत असतो, सोडल्यावर ती ओढ क्षणभर जाते, सैलपणा एका बाजूकडून दुसरीकडे येतो आणि चेन फडफडते. कॅम आणि क्रँकचा मेळ ह्याच चेनवर असतो, ती एक-दोन दात सरकली तर पिस्टन व्हॉल्वला मारू शकतो, त्यामुळे रॉड नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस, गाडी उभीच राहू दे.

टिकटिकीचं मात्र अजून कळलेलं नाही. एका फुसला एक टिक म्हणजे टॅपेटही असू शकतं आणि पॅकिंगमधून गॅसही, दोघांचा वेग सारखाच. ऑटो डीकॉम्प्रेसर असता तर आरपीएम जरा वर गेले की गायब झाला असता, तू लिहिलंयस की रेसबरोबर वेग वाढतो, म्हणून तो नाही.

चिखलराणी:

टिकटिकीसाठी मी सांगते, कारण हाच प्रकार मला गेल्या सीझनला झाला आणि मी दोनदा टॅपेट कव्हर उघडून बसले होते. दगडवाट, तुमचा बेंड पाइप दगडावर आपटलाय असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, त्याच्याकडे कोणी बघितलंच नाही. पाइपला धक्का बसला की हेडच्या तोंडाशी नट ढिला होतो किंवा पॅकिंगची रिंग एका बाजूने दबते, आणि प्रत्येक जाळाला तिथून गॅसचा एक छोटा फटका बाहेर येतो. तो हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. ओळखायची खूण अशी की थंड असताना मोठा आणि पाइप तापून फुगला की फट बुजते म्हणून कमी होतो. टॅपेट ढिला असेल तर गरम झाल्यावर तो एवढा गप्प बसत नाही.

टॉर्च घेऊन पाइप जिथे हेडमध्ये शिरतो तिथे बघा, काजळीचा काळा पट्टा दिसतो का. मग इंजिन पूर्ण थंड असताना सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून व्हॅक्युम क्लीनरच्या फुंकणाऱ्या बाजूने हळू हवा सोडा आणि त्या सांध्यावर साबणाचं पाणी टाका. फट असेल तर फेस उकळल्यासारखा वर येतो. स्क्रूड्रायव्हर ह्याला चालत नाही कारण हा हवेतला आवाज आहे, त्यापेक्षा पाण्याच्या पाइपचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी आणि दुसरं सांध्याभोवती फिरवा, पण ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच करा, पाइप लगेच तापतो आणि रबर वितळतं.

नट ढिले मिळाले तर नुसते आवळून टाकू नका, एकदा दबलेली रिंग परत नीट बसत नाही, नवीन टाका. आणि स्टडवर आधी पेनिट्रेटिंग ऑइल मारून थांबा, हेडमध्ये तुटलेला स्टड काढणं म्हणजे वेगळंच दुखणं.

फुलथ्रॉटल:

मान्य, ऑइलचं मी घाईत लिहिलं, काढून टाकत नाही म्हणजे पुढच्याला कळेल. पण टायमिंग चेनच असेल तर टेन्शनर काढून बोटाने दोन दात पुढे ढकलून परत बसवला तर? गाडी तेवढ्यापुरती तरी चालेल.

टॉर्करेंच:

नको. रॅचेटवाला टेन्शनर स्प्रिंगच्या जोरावर स्वतःच पुढे येतो, तो जिथे थांबलाय त्याच्या पुढे हाताने ढकलला की चेन सतारीच्या तारेसारखी ताणली जाते, आवाज जातो आणि गाइड, कॅमचे जर्नल आणि चेन सगळं दुप्पट वेगाने झिजतं. अडकलेला टेन्शनर असेल तर तो बदलायचा.

दगडवाट, टेन्शनर काढणार असशील तर क्रम महत्त्वाचा. स्पार्क प्लग काढ, इंजिन हाताने फिरवून कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व बंद) आण, खुणा जुळवून फोटो काढ. मग आधी मधला स्प्रिंगचा बोल्ट, मग बाजूचे दोन. उलटं केलं तर स्प्रिंगचा सगळा जोर शेवटच्या दोन आट्यांवर येतो आणि अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. टेन्शनर बाहेर असताना क्रँक अजिबात फिरवायचा नाही, किकला किंवा स्टार्टरला चुकूनही हात नाही, चेन सैल असते आणि दात उडी मारते. बाहेर काढलास की दांडा किती बाहेर आला होता ते मोज. जवळजवळ पूर्ण आलेला असेल तर चेन संपली.

वर उघडणारच आहेस तर व्हॉल्व क्लिअरन्सही (कॅम आणि व्हॉल्वमधली फट) बघून घे, इंजिन थंड असतानाच. ह्या प्रकारच्या इंजिनांमध्ये साधारण इनटेक ०.१० ते ०.१५ मिमी आणि एग्झॉस्ट ०.२० च्या आसपास असतं, पण तुझ्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घे.

दोनस्ट्रोकवाला:

मध्येच विचारतो, माफ करा. माझी २५० टू स्ट्रोक थंड असताना पोकळ टणटण करते, दोन-तीन मिनिटांत जाते. हा पिस्टनचाच आवाज ना?

ग्रीसचेहात:

हो, पिस्टन स्लॅप. थंडीत पिस्टन आणि बोअरमध्ये फट जास्त असते म्हणून स्कर्ट भिंतीवर आपटतो, तापला की फुगून फट भरते. फोर्ज्ड पिस्टनमध्ये थोडा असणं चालतं. गरम झाल्यावरही राहिला किंवा महिन्याभरापूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकायला लागला तर पिस्टन काढून मापून घे, टू स्ट्रोकचा स्कर्ट तुटला तर तुकडा सरळ क्रँकमध्ये जातो. बाकी वेगळा धागा काढ, तिथे सविस्तर बोलू.

तिसरागियर:

दगडवाट, अजून मनात रॉडची भीती असेल तर प्लग काढलेला असतानाच एक करून बघ, मी आता दर पिस्टनला करतो. न्यूट्रलमध्ये ठेव, पिस्टन निम्म्या वाटेवर आण, टीडीसीवर नाही कारण तिथे क्रँक फिरला तरी पिस्टन फारसा हलत नाही आणि फसगत होते. प्लगच्या भोकातून प्लास्टिकची स्ट्रॉ पिस्टनवर टेकव आणि फ्लायव्हीलच्या नटला पाना लावून अगदी हळू पुढे-मागे कर, केसभर. दिशा बदलली की स्ट्रॉ त्याच क्षणी हलली पाहिजे. पाना हलतोय आणि स्ट्रॉ थांबलीय असं जाणवलं, किंवा हाताला बारीक टक् लागलं, तर कुठेतरी खेळ आहे, गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन) नाहीतर बिग एंडला. मग मात्र हेड आणि सिलिंडर काढून रॉड हातात धरून वर-खाली ओढून बघावाच लागतो. वर-खाली अजिबात खेळ नको. आडवा थोडा असतो, तो फीलर गेजने मोजून मॅन्युअलशी ताडायचा. हे टेन्शनर काढायच्या आधी कर, नंतर नाही.

दगडवाट:

मंडळी, काम झालं, उशीर झाला कारण पार्ट यायला वेळ लागला. सगळं लिहितो म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

चिखलराणी ताई, तुमचं शंभर टक्के बरोबर निघालं. बेंड पाइपच्या वरच्या नटाला पाना लावला तर बोटाच्या जोरावर फिरला. सांध्यापासून हेडवर काजळीचा बोटभर पट्टा होता, गाडी धुताना रोज तिथून हात फिरवत होतो आणि चिखल समजत होतो. साबणाच्या पाण्याला फेस आला. नवीन रिंग टाकली, दोन्ही नट थोडे-थोडे करून सारखे आवळले, थंड असतानाची टिकटिक पूर्ण गेली.

स्ट्रॉची टेस्ट तीनदा केली. पाना हलला की स्ट्रॉ हलते, मध्ये काही नाही. रॉड ठीक आहे. ते बघून खरंच हातपाय सैल झाले, दहा मिनिटं तिथेच बसून राहिलो.

टेन्शनर सांगितलेल्या क्रमाने काढला. दांड्यावर मोजले तर १६ दातांपैकी १४ बाहेर आलेले. टेन्शनर अडकलेला नव्हता, दाबून सोडला की व्यवस्थित पुढे येतो, म्हणजे तो बिचारा चेनमागे पळून पळून टोकाला पोचला होता. कॅम काढून गाइड बाहेर घेतला तर त्याच्यात चेनने दोन समांतर चर पाडलेत, नख आत बसतं एवढे खोल, आणि खालच्या टोकाचा एक कोपरा तुटून गेलाय. ते फिल्टरमधले कण तिथलेच, रंगही तोच. चेन काढायला डाव्या बाजूचं कव्हर आणि पुलर लावून फ्लायव्हील काढावं लागलं. नवी चेन आणि जुनी चेन शेजारी एका खिळ्याला टांगल्या तर जुनी जवळजवळ अर्धी कडी जास्त खाली येते.

चेन, दोन्ही गाइड आणि टेन्शनर नवीन टाकले. ऑइल पंपाच्या जाळीवर अजून तीन तुकडे मिळाले, तीही साफ केली.

आणि टॉर्करेंच, व्हॉल्व बघायला सांगितलंत त्याचे विशेष आभार. दोन एग्झॉस्ट आणि उजवा इनटेक मापात आहेत. डावा इनटेक ०.०८ निघाला, मॅन्युअलमध्ये ०.१० ते ०.१५ आहे. म्हणजे तो घट्ट आहे, ढिला नाही, आणि त्याचा आवाज काहीच नव्हता! गरम गाडी बंद पडल्यावर परत स्टार्ट व्हायला त्रास देत होती, तो मी कार्ब्युरेटरवर ढकलत होतो, ते ह्याच्यामुळे असेल का?

टॉर्करेंच:

बहुतेक त्याच्याचमुळे. व्हॉल्वची सीट आणि तोंड झिजलं की व्हॉल्व वर सरकतो आणि फट कमी होते, ढिला होत नाही. गरम झाल्यावर फट आणखी कमी होऊन व्हॉल्व पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि गरम इंजिन किक घेत नाही. टॅपेट वाजत असेपर्यंत निदान फट आहे एवढं तरी कळतं, घट्ट झालेला व्हॉल्व गुपचूप जळतो. जुन्या शिमवर (फट जुळवणारी चकती) काय आकडा आहे?

दगडवाट:

१८०.

टॉर्करेंच:

म्हणजे १.८० मिमी. जुनी शिम अधिक मोजलेली फट वजा हवी ती फट. १.८० + ०.०८ − ०.१३ = १.७५. १७५ ची टाक, फट ०.१३ येईल. कॅम परत बसवल्यावर टेन्शनर लावून क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरव, खुणा परत जुळतात का बघ, फट परत मोज, मगच स्टार्टर. आणि हा आकडा तारखेसकट आणि तासांसकट लिहून ठेव. पुढच्या वेळी तोच व्हॉल्व १५ तासांत परत घट्ट झाला तर शिम बदलत बसायचं नाही, व्हॉल्व आणि सीट दोन्हीचं काम करायला हेड उतरवायचं.

दगडवाट:

१७५ टाकली, फट ०.१३ आली. आज सकाळी थंडगार असताना स्टार्ट केली, पहिल्या किकला. वीस मिनिटं तापवून बंद केली, परत किक मारली, परत पहिल्याला. स्क्रूड्रायव्हर लावून डावी बाजू ऐकली, रेस सोडली तरी खळखळ नाही, चेनची एकसारखी सरसर तेवढी ऐकू येते. हेड कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने चारही व्हॉल्वचे आकडे आणि १४२ तास लिहायला गेलो होतो, पण ऑइलने पुसलं जाईल म्हणून एअरबॉक्सच्या झाकणाच्या आत लिहिलेत. पाच तास चालवून ऑइल फिल्टर परत कापून बघतो आणि काय निघालं ते इथेच टाकतो.